सकाळी मूठ वळत नाही तेव्हा

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो आजार. त्याने थेट मृत्यू फारसे होत नाहीत, म्हणूनच डेंग्यू, हृदयविकार, कॅन्सर यांच्या बातम्यांमध्ये तो कायम मागे पडतो. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ हा अभ्यास जगभरच्या आजारांचा हिशेब मांडतो. त्यानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ७६ लाख लोकांना हा आजार होता आणि त्या वर्षी त्याने ३८ हजारांच्या आसपास मृत्यू झाले. वयोमानातला फरक वजा करून पाहिलं, तर १९९० पासून मृत्यूदर जवळपास २४ टक्क्यांनी उतरला. आजाराचं प्रमाण मात्र त्याच तीस वर्षांत १४ टक्क्यांनी वाढलं. २०५० पर्यंत रुग्णांची संख्या ३ कोटी १७ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. लोकसंख्या वाढतेय आणि माणसं जास्त वर्षं जगताहेत, हे त्यामागचं मोठं कारण.

या आजाराने हिरावलेल्या निरोगी आयुष्याच्या हिशेबात तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा अपंगत्व घेऊन काढलेल्या वर्षांचा आहे. मला हाच आकडा सगळ्यात जास्त बोचतो. रुग्णांमध्ये एका पुरुषामागे जवळपास अडीच बायका असतात आणि आजार बहुतेकदा तिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे ऐन कामाच्या वयात.

जगाचे आकडे लांबचे वाटतात, म्हणून आपल्याकडचा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांची मिळून लोकसंख्या ३० लाखांच्या घरात होती. जगाचा दर लाखामागे सुमारे २०९ आहे. तो लावला तरी या दोन शहरांत सहा हजारांवर रुग्ण निघतात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये घरोघरी पाहणी सुरू केली. तिथल्या प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळलं. तो दर इथल्या प्रौढांना लावला तर आपला आकडा आणखी बराच वर जातो.

ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या पोळी-भाजी केंद्रात पहाटेपासून कणीक तिंबणाऱ्या बाईला हा आजार झाला, तर सुरुवात कशी होते? उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही. गरम पाण्यात हात धरले की जरा मोकळं वाटतं, पण तास उलटून जातो तरी लाटणं नीट पकडता येत नाही. दोन्ही हातांच्या बोटांची मुळं आणि मधले पेर सुजतात. नेहमीच्या मापाच्या बांगड्या चढेनाशा होतात. तळपायाचा पुढचा भाग दुखतो, त्यामुळे ठाणे स्टेशनचा जिना उतरताना कठडा सोडवत नाही. झिजेमुळे होणाऱ्या गुडघेदुखीत सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात जातो. इथे तो तासभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो आणि हालचाल केल्यावर बरं वाटतं. हा फरक घरच्या घरी ओळखता येतो.

आत काय चाललेलं असतं? शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरालाच शत्रू समजते. ते अस्तर सुजून जाड होतं, कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, पसरत जातं आणि हाडाच्या कडा खायला लागतं. हाड एकदा खाल्लं गेलं की परत भरून येत नाही. म्हणून पहिले तीन ते सहा महिने सोन्याचे असतात.

आणि नेमके तेच महिने आपण घालवतो. ‘कॅल्शियम कमी झालं असेल’, ‘पावसाळ्यात दुखतंच’ म्हणत मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या जातात. कुणीतरी ‘हमखास गुण येतो’ म्हणून पुडी देतं. अशा बिनलेबलच्या औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्याने सूज झपाट्याने उतरते आणि आतली झीज चालूच राहते. या आजारासाठी रक्तात तपासतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह आला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण बऱ्याच रुग्णांत तो निगेटिव्हच असतो. अँटी-सीसीपी ही रक्ताचीच दुसरी तपासणी जास्त नेमकी, तरी तीही एकटी पुरत नाही. सहा आठवड्यांहून जास्त सूज असेल तर संधिवाततज्ज्ञाने हात दाबून पाहायलाच हवेत.

मुख्य औषध आहे मेथोट्रेक्सेट. ते स्वस्त आहे आणि १९८० च्या दशकापासून या आजारासाठी वापरात आहे. कॅन्सरसाठीही ते देतात हे कळलं की लोक घाबरतात, पण तिथला डोस कितीतरी मोठा असतो. परिणाम दिसायला दीड-दोन महिने लागतात आणि त्याच टप्प्यावर बरेच जण गोळी सोडून देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहावा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून ती बंद करावी लागते.

टाळता येण्यासारखं कारण म्हणजे धूम्रपान. या आजाराच्या जागतिक ओझ्यातला सुमारे ७ टक्के वाटा त्याच्याकडे जातो. दुसरं कारण आपल्या शेजारचंच. नवी मुंबईलगतच्या पारसिकच्या डोंगरात वर्षानुवर्षं दगडखाणी चालल्या. दगड फोडताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं बिघडतात हे सगळ्यांना माहीत असतं. तीच धूळ या आजाराचाही धोका वाढवते आणि सोबत बिडी असेल तर आणखीच. खाणीत राबलेल्या माणसाची बोटं सुजली, तर डॉक्टरांना जुनं काम आवर्जून सांगावं.

नेहमीच्या गोळ्यांनी भागलं नाही तर १९९८-९९ पासून उपलब्ध झालेली बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीतला ठरावीक दुवा रोखणारी औषधं. त्यांच्या भारतीय बनावटीच्या प्रती निघाल्यावर किंमत उतरली, तरी पोळ्या लाटून घर चालवणारीच्या आवाक्यात ती अजून नाहीत. आणि ती सुरू करण्यापूर्वी छुपा क्षयरोग नाही ना, हे तपासावंच लागतं, कारण या इंजेक्शनांनी दबलेला क्षय पुन्हा डोकं वर काढू शकतो.