आदिवासी चित्रकला आणि कॉपीराइट (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियातील आदिवासी कुळांच्या पवित्र चित्राकृतींना तेथील कॉपीराइट कायद्यातून मिळणारे संरक्षण अपुरे आहे. उत्तरेकडील आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर पूर्वजांच्या आणि भूमीच्या कथा रंगवतात. कोणती आकृती कोणी काढायची आणि कोणाला दाखवायची, हे कुळातील जाणती मंडळी ठरवतात. १९६८चा कायदा मात्र चित्र काढणाऱ्याचाच हक्क मानतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ठरावीक वर्षांनी तोही संपवतो. १९६६मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एक डॉलरच्या नोटेवर आदिवासी चित्रकार डेव्हिड मलंगी यांची चित्राकृती त्यांना न विचारताच छापली गेली. मोबदला मागाहून मिळाला.

१९९४चा गालिच्यांचा खटला या विषयात सर्वांत महत्त्वाचा. एका कंपनीने व्हिएतनाममध्ये विणून आणलेल्या गालिच्यांवर बांडुक मारिका, जॉर्ज मिलपुरुरु आणि इतर आदिवासी चित्रकारांची चित्रे विनापरवाना उतरवली होती. चित्रकारांना मानधन दिले जाते, अशी खोटी चिठ्ठीही गालिच्यांना जोडलेली होती. पूर्वजांच्या पवित्र आकृत्या लोकांच्या पायांखाली आल्या. शिवाय कुळाच्या रिवाजानुसार अशा गैरवापराचा दोष चित्रकारावरच येतो, मग त्याला काही ठाऊक असो वा नसो. विधींतून वगळले जाण्याची, आकृती काढण्याचा अधिकार गमावण्याची भीती असते. न्यायमूर्ती वॉन दूसा यांनी ही हानी खरी मानून भरपाईत धरली. एकूण १,८८,६४० डॉलर मंजूर झाले. चित्रकारांना आपल्या रिवाजाप्रमाणे वाटून घेता यावे म्हणून ही रक्कम एकत्रित ठेवली गेली, हा या निकालातला सर्वांत समंजस भाग.

१९९८मध्ये जॉन बुलून बुलून यांचे चित्र परवानगीविना कापडावर छापल्याबद्दलच्या खटल्यात त्यांच्या गनलबिंगू समाजाने स्वतःचाही हक्क मागितला. सामुदायिक मालकी न्यायालयाने नाकारली. पण चित्रकार कुळाशी विश्वस्ताच्या नात्याने बांधलेला आहे, असे स्पष्ट केले. तरीही हा दिलासा तोकडाच, कारण कॉपीराइटची मुदत सरली की विश्वस्ताच्या हातात राखण्यासारखे काही उरत नाही.

भारतातही कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षेच टिकतो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचे रक्षण करते. ‘वारली’ हा शब्द न वापरता कपांवर, चादरींवर तारपा नाच छापणाऱ्याला या मानांकनाने अडवता येत नाही.