घरच्या तुरीची डाळ करून घेणाऱ्यांसाठी: तूर भिजवून आणू नका

जानेवारी ते मे या पाच महिन्यांत आमच्या डाळ मिलवर जवळपास रोज कुणीतरी हेच सांगतं, "भाऊ, तूर रातभर भिजवली, दोन दिवस वाळवली. आता फक्त फिरवून द्या." सांगणाऱ्याला वाटत असतं की आपण मिलवाल्याचं काम हलकं केलं. त्यामुळे नाही म्हणताना आम्हालाच जड जातं. तरी तो कट्टा (तुरीचं पोतं) बाजूला ठेवावाच लागतो. असं का, हे प्रत्येकाला नीट सांगण्याइतका वेळ हंगामात मिळत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

आधी हे सांगतो की तुम्ही घरची तूर घरी ठेवायला लागलात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मधली बरीच वर्षं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सगळी तूर बाजार समितीत जायची आणि त्याच घरात किराणा दुकानातून किलो-किलोनं डाळ यायची. आता दारव्हा, दिग्रस, नेरकडून माणसं दोन-दोन कट्टे घेऊन येतात. काही घरांत माळ्यावरचं जातंही खाली उतरलं आहे. भिजवायची पद्धत तिथूनच परत आली. आजीला विचारलं, आजीनं सांगितलं, तुम्ही तसंच केलं.

आजीची पद्धत बरोबरच होती. तूर हट्टी असते. हरभऱ्याचं टरफल सैल, भरडलं की सुटतं. तूर, मूग आणि उडीद यांच्या टरफलात आणि डाळीत मात्र डिंकासारखा चिकट थर असतो. तो सैल झाल्याशिवाय टरफल निघत नाही, जोर केला तर डाळीचा चुरा होतो. आमची आजी तूर रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून तिला लाल माती चोळायची, गोणपाटाखाली ढीग लावून एक रात्र ठेवायची आणि मग अंगणात चांगली चार-पाच उन्हं द्यायची. टरफलाला सुरकुत्या पडल्या की माती चाळायची आणि जात्यावर भरडायला घ्यायची. अशा डाळीला मध्यभागी खळगी पडते, ती शिजायलाही वेळ घेते. पण काहींना तिचीच चव आवडते, आणि त्यात काही गैर नाही.

मात्र ती पद्धत जात्याची आहे. जात्यावर बसलेल्या बाईच्या हाताला ओल कळते. खुंटा जड झाला की ती थांबते, तूर परत सुपात घेते, परत उन्हात टाकते. यंत्राला हे कळत नाही. आमच्या मिलमध्ये खरखरीत दगडी लेपाचा रोलर असतो. ओलसर तूर त्याच्यावर आली की दाणा फुटत नाही, चपटा होतो. त्याचा लगदा रोलरवर लिंपला जातो, चाळण्या बुजतात, पट्टा घसरायला लागतो. मग मिल बंद करायची, झाकण उघडायचं आणि खरवडत बसायचं. दोन तास जातात. तोवर मागे दहा जण नंबर लावून बसलेले असतात, त्यातले दोघं-तिघं शेवटची एसटी पकडायची म्हणून घड्याळ बघत असतात. मागच्या फेब्रुवारीत एका दिवसात असं तीनदा झालं आणि संध्याकाळी सहा कट्टे तसेच परत पाठवावे लागले. परत जाणाऱ्या माणसाची त्यात काहीच चूक नव्हती.

नुकसान तुमचंही होतं. ओल्या तुरीची डाळ कमी आणि चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, जास्त निघते. डाळ निघालीच तर कोठीत भरल्यावर आंबूस वास धरते, पावसाळ्यात तिला बुरशी येते. तेव्हा दोष मिलला लागतो.

"पण आमची तूर वाळलेली आहे, हात लावून बघा," असं म्हणतात. खरी फसगत हात लावून बघण्यातच आहे. भिजलेला दाणा वरून आधी वाळतो. दोन दिवसांच्या उन्हात टरफल खडखडीत होतं, आत मात्र ओल तशीच राहते. घरच्या घरी पारख करायची असेल तर चार दाणे दाताखाली घ्या. कट्ट असा आवाज होऊन दाणा फुटला तर वाळला, दात रुतला तर नाही. याहून पक्कं हवं असेल तर काचेची कोरडी बरणी घ्या, तिच्यात एक ओंजळ तूर आणि दोन चमचे कोरडं बारीक मीठ टाका. झाकण लावून नीट हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर तुरीत 15 टक्क्यांहून जास्त ओल आहे. अशी तूर मिलला तर नकोच, कोठीतही भरू नका. अवकाळी पावसात सापडलेल्या तुरीलाही हीच परीक्षा लावा, मग ती मुद्दाम भिजवलेली नसली तरी.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, कारण "चार-पाच दिवस कशाला लागतात?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न आहे. तूर आली की चाळून दाणा एकसारखा करतो. पहिल्या फेरीत डाळ काढत नाही, टरफलाला फक्त ओरखडे पाडतो. मग 100 किलोला सुमारे 300 ग्रॅम जवसाचं तेल चोळून रात्रभर ढीग लावतो. ओरखड्यांतून तेल आत शिरतं आणि चिकट थर सैल व्हायला लागतो. त्यानंतर दोन-तीन उन्हं. शेवटी 100 किलोला दोन-तीन लिटर पाणी शिंपडतो, रात्रभर गोणपाटाखाली झाकून ठेवतो, सकाळी ऊन दाखवतो आणि मग फिरवतो. बरेच जण इथे बोट ठेवतात, "तुम्हीही पाणी लावताच की!" लावतो, पण मोजून, आणि तेल व उन्हं झाल्यावर. तोवर आतली डाळ आकसलेली असते. शिंपडलेलं पाणी वरचं टरफलच पितं, फुगतं आणि डाळीपासून सुटतं. रातभर भिजवलेल्या तुरीत पाणी थेट गाभ्यापर्यंत जातं. फरक तिथे पडतो.

आजीच्या अंगणात घडायचं तेच आमच्याकडे यंत्रावर घडतं: आधी चिकट थर सैल करायचा, मग ऊन द्यायचं, मग भरडायचं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं गावात चालेल अशी मिनी डाळ मिल विकसित केली, म्हणून हे काम मोठ्या कारखान्याशिवाय खेड्यात होऊ शकलं. उन्हाला मात्र पर्याय नाही. त्यामुळेच मृगाचा पाऊस लागला की आम्ही नवीन तूर घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

तेलावरूनही शंका येते. हे तेल चकाकीसाठी नाही. त्यातलं बहुतेक टरफलाबरोबर निघून जातं. बाजारातली काही डाळ शेवटी तेल-पाणी लावून घासतात, म्हणून ती चमकते. आम्ही घासत नाही आणि रंगही लावत नाही. त्यामुळे आमच्याकडची डाळ थोडी मळकट पिवळी दिसते, कुठे कुठे टरफलाचा कण राहतो. पाहुण्यांसमोर ती झगमगणार नाही. वरण मात्र एकजीव होतं आणि वास घरच्या तुरीचाच येतो.

वजनावरून कुरबुर होते, तिचं उत्तर सरळ आहे. 100 किलो तुरीत 13 ते 15 किलो तर टरफलच असतं. म्हणजे एक दाणाही न फुटता काम झालं तरी 85-87 किलोच्या वर डाळ निघणार नाही. प्रत्यक्षात दाण्याची टोकं झिजतात, काही डाळ तुटते, उन्हात ओलही उडते. चांगल्या वाळलेल्या, एका वाणाच्या तुरीची आमच्याकडे 70 ते 74 किलो डाळ पडते. उरलेली चुनी आणि टरफल तुमचंच आहे. ते वेगळ्या कट्ट्यात भरून, तुमच्यासमोर वजन करून देतो. दुभत्या जनावराला चुनी चांगली, ती विसरून जाऊ नका. कुणाकडे जनावर नसेल तर आम्ही विकत घेतो आणि तेवढी रक्कम मजुरीतून वजा करतो.

एका वाणाच्या तुरीचं म्हणालो, त्याला कारण आहे. मारुती, आशा, बीडीएन 711 अशा वाणांचे दाणे सारखे नसतात. सगळं एकत्र आलं की बारीक दाणा न सोलताच पुढे जातो आणि मोठा फुटतो. तुमच्या शेतात दोन वाण असतील तर दोन कट्टे करा. तूर 25 किलोपेक्षा कमी असेल तर एकटी घेणं जमत नाही, कारण इतक्या छोट्या ढिगात रात्रभराची ऊब धरत नाही. शेजारणीची तूर त्याच वाणाची असेल तर दोघी मिळून आणा, डाळ वजनाप्रमाणे वाटून देऊ. कुणाचीही तूर दुसऱ्याच्या तुरीत त्याला न विचारता मिसळत नाही. प्रत्येक कट्ट्याला चिठ्ठी बांधतो आणि ती डाळ नेईपर्यंत निघत नाही.

डाळ कधी करून घ्यावी, असं विचाराल तर होळीच्या आत. अख्खी तूर दिवाळीपर्यंत ठेवू म्हणणाऱ्यांना भुंगा पस्तावायला लावतो. हा भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच येतो. शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते आणि उन्हाळ्यात कोठीतल्या तुरीला भोकं पडलेली दिसतात. टरफल काढून फोडलेल्या डाळीवर त्याचं फारसं चालत नाही. पूर्वी बाया जानेवारी-फेब्रुवारीतच वर्षाची डाळ करून ठेवत, त्यात हा हिशोब होता. बियाण्याची तूर मात्र अख्खीच हवी. ती राखेत घोळून ठेवायची जुनी रीत आजही उपयोगी आहे, ती सोडू नका. नेलेली डाळ घरी एक दुपार सावलीत पसरा, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम डाळ भरली की झाकणाखाली घाम धरतो.

ज्यांची स्वतःची तूर नाही, त्यांच्यासाठी आमच्या शेतातल्या आणि ओळखीच्या शेतकऱ्यांच्या तुरीची डाळ मार्चपासून मिलवरच मिळते. वर्षाची एकदम घेणाऱ्यांना ती 30 किलोच्या कट्ट्यात देतो. मूग, उडीद आणि हरभऱ्याची डाळही करून मिळते. हरभरा एका दिवसात होतो. मूग-उडदाला तुरीएवढेच दिवस धरा.

तर तूर आणताना ती कोरडी आणा, काडीकचरा आणि खडे काढून आणा. तेल घरी लावू नका, पाणी तर अजिबात नको. भिजवलेली तूर आधीच घरात असेल तर टाकून देऊ नका. आणखी तीन उन्हं द्या, मिठाची परीक्षा करा आणि मग घेऊन या, आम्ही नक्की करून देऊ. नंबर सकाळी 8 ते 11 या वेळेत लागतात. मंगळवारी मिल बंद असते, त्या दिवशी आम्ही रोलर साफ करतो. कट्ट्याला बांधायला सुतळी आणि चुनी भरायला एक रिकामं पोतं सोबत असू द्या.