थव्याआधी टेम्पोकडे बघा

थंडीत नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात, आणि बर्ड फ्लूची बातमी आली की पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं. त्यांचा वाटा आहेच. पण मागचा इतिहास चाळला तर कोंबड्यांचा टेम्पो वारंवार आडवा येतो.

एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचा आजचा वंश १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली. माग निघाला तो जिवंत कोंबड्यांच्या बाजारापर्यंत. वर्षअखेरीस दहा लाखांहून जास्त पक्षी मारले, तरी विषाणू पुढेही बाजारात डोकावत राहिलाच. कारण साधं होतं. काल न खपलेल्या कोंबड्यांशेजारी आज नवा माल येऊन बसतो, त्यामुळे विषाणूला रोज ताजं बिऱ्हाड मिळतं. म्हणून २००१ पासून महिन्यातून एक दिवस दुकानं रिकामी करून धुवायला लावली. २००८ पासून तर रात्री दुकानात जिवंत कोंबडी ठेवायचीच नाही, असा नियम आला. २०१३ मध्ये बर्ड फ्लूचाच दुसरा विषाणू, एच७एन९, चीनमध्ये आला तेव्हा शांघायनं असे बाजारच बंद केले आणि रुग्ण झपाट्यानं घटले. त्या विषाणूची लागण झालेली कोंबडी तर आजारी दिसतही नव्हती.

भारतातली पहिली नोंद आपल्या नाशिक विभागातली: नवापूर, फेब्रुवारी २००६. भोपाळच्या प्रयोगशाळेनं शिक्कामोर्तब केलं आणि लाखो कोंबड्या खड्ड्यात गेल्या. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. रोगही पलीकडच्या उच्छलमध्ये सापडला. मार्चमध्ये जळगाव जिल्हा. २०२१ मध्ये परभणीजवळचं मुरुंबा, मग पुन्हा नवापूर.

नाशिकमध्ये भल्या सकाळी कुठल्याही चिकन सेंटरसमोर उभं राहा. टेम्पोतून प्लॅस्टिकचे क्रेट उतरतात; जाळीत पिसं अडकलेली, तळाला ओल्या विष्ठेचा थर. विषाणू असतो तो त्यातच, आणि थंडीत बराच काळ तग धरतो. रिकामे क्रेट पाण्याचा एक फवारा मारून, कधी तेवढंही न करता, परत गाडीत चढतात. रात्री तीच गाडी लिफ्टिंगला, म्हणजे तयार कोंबड्या उचलायला, दुसऱ्याच शेडवर. शेडच्या दारात चुना टाकणारा, चपला बदलायला लावणारा शेतकरी या क्रेटपुढे हात टेकतो.

त्यात अफवा उठली की भाव कोसळतो. मग शेडमधली बॅच पूर्ण वाढायची वाट कोण बघतो? मिळेल त्या दरानं माल निघतो, गावठी कोंबड्या पाय बांधून आठवडे बाजारात येतात. एरवी चार दिवसांत झाली असती तेवढी ने-आण एका दिवसात होते, आणि तीही नेमकी नको त्या वेळी.