दुधाचा पेला आणि लहान मुलांचं जेवण: कोल्हापूरची पार्श्वभूमी

कोल्हापुरात पोराची तब्येत दुधावर जोखली जाते. याची मुळं तालमीत आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं आणि दूध, तूप, थंडाई हा पैलवानांचा खुराक घरोघरी आदर्श ठरला. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची रीत त्यातलीच. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे ‘गोकुळ’, स्थापन झाला आणि दुधानं गावोगावच्या शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला. या दुधाचा अभिमान रास्त आहे.

पण पैलवानाचा खुराक दीड वर्षाच्या मुलाला चालत नाही. पहिल्या वर्षात वजन जन्मावेळच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं, म्हणून भूकही मंदावते. घरच्यांना वाटतं, पोर काहीच खाईना. मग ‘निदान दूध तरी पाज’ असं ठरतं. म्हशीच्या दाट दुधानं पोट भरतं, भाकरी-आमटी बाजूला राहते आणि ती खाल्ली नाही म्हणून पुन्हा दूध दिलं जातं. दुधात प्रथिनं, कॅल्शियम चांगलं. लोह मात्र नावापुरतंच. १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ८ मिलिग्रॅम लोह लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक, पण दुधावर भागवणं हे आपल्या हातातलं कारण आहे.

जुनी रीत यापेक्षा बरी होती. उष्टावणानंतर पेज, मऊ भात, नाचण्याचं सत्त्व सुरू व्हायचं. चंदगड, आजरा, राधानगरीकडे नाचणा घरचाच असे. त्याला मोड आणून, वाळवून दळलं की त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. वरणाचं पाणी ही मात्र त्या रीतीतली कच्ची बाजू. डाळ तळाशी राहते आणि मुलाच्या पोटात नुसतं पाणी जातं. पुढे सत्त्वाच्या जागी चहात बुडवलेलं बिस्कीट आलं. त्यात साखर आहेच, शिवाय चहा लोह शोषू देत नाही.

सरकारी बाजूनं २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या उभ्या राहिल्या. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो, मोठ्यांना अंगणवाडीत गरम जेवण. घरी नेलेलं पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटलं जातं, तेव्हा ज्याच्यासाठी ते दिलं त्याच्या वाट्याला थोडंच येतं.

मटणाच्या दिवशी तिखट घालण्याआधी लेकरासाठी अळणी रस्सा बाजूला काढतात, ही कोल्हापूरची फार चांगली सवय. फक्त नुसता रस्सा पुरत नाही. लोह मांसात असतं. शिजलेलं मटण अगदी बारीक करून त्याच रश्शात भाताबरोबर कालवावं आणि दूध जेवणानंतर, दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवावं.