ज्याचं डोकं, त्यानंच यावं
नवं हेल्मेट घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

परळच्या आमच्या दुकानात आठवड्यातून तीन-चार वेळा तरी कुणीतरी येऊन म्हणतं, "मिस्टरांसाठी एक हेल्मेट द्या, मीडियम बसेल." कुणी मुलगा सांगतो, "आईला मागे बसण्यापुरतं हवंय, कुठलंही चालेल." आम्ही त्यांना पाणी विचारतो आणि विनंती करतो, की ज्यांना घालायचंय त्यांनाच घेऊन या. गिऱ्हाईक परत जातं, कधीकधी नाराजही होतं. पण चप्पल जशी दुसऱ्याच्या पायावरून घेता येत नाही, तसंच हे आहे. चप्पल चावली तर बदलता येते. हेल्मेट ढिलं आहे हे कळायची वेळ मात्र रस्त्यावरच येते आणि तेव्हा बदलायला काही हातात नसतं.

म्हणून हे पत्रक. दुकानात गर्दी असली की सगळं नीट सांगता येत नाही. घरी निवांत वाचा, मग या.

"इथल्या इथे तर जायचंय"

हे वाक्य आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. मुंबईत दुचाकीला सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद. आपला प्रवास खालच्या रस्त्याने, सिग्नल घेत, बसच्या आणि टॅक्सीच्या मधून. वेग वीस-तीसचा. मग एवढ्या वेगाला काय होणार, असं वाटतं.

एक साधा हिशेब बघा. गाडी उभी आहे, तुम्ही उभे आहात आणि सरळ खाली पडलात. साधारण १.७ मीटर उंचीवरून डोकं जमिनीवर येतं तेव्हा त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. यात गाडीचा वेग धरलेलाच नाही. पावसाळ्यात पाण्याखालच्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं किंवा लादी-पेव्हर ब्लॉकवर गाडी सरकली, तर डोक्याला बसणारा मार या उंचीचा असतो. फूटपाथची कड डोक्याखाली आली तर त्याहून वाईट.

१९३५ साली टी. ई. लॉरेन्स हे प्रसिद्ध ब्रिटिश अधिकारी मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या माराने गेले. त्यांच्या उपचारात असलेले मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स यांच्या मनातून ते गेलं नाही. त्यांनी सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांचे अपघात तपासायला घेतले आणि १९४१मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर लिहिलं. त्यानंतर अनेक देशांत झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते असं दिसलं. पूर्ण शंभर टक्के नाही. हेल्मेट घातलं म्हणून काहीही होत नाही असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

आत काय असतं

बाहेरचं कडक कवच तुम्हाला दिसतं, त्याचाच रंग आवडतो. पण मार झेलणारा भाग आतला थर्माकोल असतो. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, पण जास्त घट्ट. डोकं आपटलं की हा थर दाबला जातो, चिरडतो, आणि तेवढ्या क्षणात डोक्याला थांबायला थोडं अंतर मिळतं. नुसती कवटी दगडावर आपटली तर ती जागच्या जागी थांबते आणि आतला मेंदू तिच्यावर आदळतो. थर्माकोलने दिलेले ते दोन-तीन सेंटिमीटर, त्यासाठीच तुम्ही पैसे मोजता. कवचाचं काम मार पसरवणं, टोकदार वस्तू आत येऊ न देणं आणि रस्त्यावर घासत जाताना न अडकणं.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. एकदा चिरडलेला थर्माकोल परत फुगत नाही, म्हणून एका मोठ्या माराला एकच हेल्मेट. आणि रस्त्याकडेला मिळणाऱ्या वाटीसारख्या टोपीत आत नुसता स्पंज असतो. अंगठ्याने दाबून पाहा, बोट थेट कवचाला लागतं. ती टोपी पोलिसांना दाखवण्यापुरती आहे. आम्ही ती ठेवत नाही, मागितली तरी देत नाही.

शिक्का

हेल्मेटच्या मागे आयएसआयचं चिन्ह हवं. चिन्हावर "आयएस ४१५१" हा मानकाचा क्रमांक आणि खाली "सीएम/एल" पुढे कारखान्याचा परवाना क्रमांक असतो. १ जून २०२१पासून हे चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदा आहे. तरी खोटे स्टिकर सर्रास मिळतात. मोबाईलवर "बीआयएस केअर" हे सरकारी ॲप घ्या आणि तो परवाना क्रमांक त्यात टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. आमच्या दुकानातही बिनधास्त तपासा. कुणी तपासलं तर आम्हाला बरंच वाटतं.

"डॉट" लिहिलंय म्हणून भुलू नका. हा अमेरिकेचा शिक्का. तिथल्या पद्धतीत कंपनी स्वतःच जाहीर करते की माल मानकात बसतो, आणि इथे रस्त्यावर तो शिक्का कुणीही छापून लावतो. युरोपचा "ईसीई" शिक्का मात्र भरवशाचा आहे. त्याच्या २२.०६ या नव्या आवृत्तीत डोकं तिरकं आपटून गरकन फिरतं तेव्हा काय होतं, याचीही चाचणी आहे. खरे अपघात बहुतेक वेळा तिरकेच होतात, म्हणून आम्हाला ही चाचणी महत्त्वाची वाटते. पण ईसीई असलं तरी भारतात आयएसआय हवंच.

माप : यात घाई करू नका

शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर येतो तिथून फिरवा. दोन-तीनदा मोजा, सर्वांत मोठं माप धरा. समजा ५८ सेंटिमीटर आलं, तर लेबलवर ५८० बघा. "मीडियम", "लार्ज" या शब्दांवर जाऊ नका. एका कंपनीचं ५८० मीडियम असतं, दुसरीचं तेच लार्ज.

टेप फक्त सुरुवात आहे. डोक्याचा घेर सारखा असला तरी आकार सारखा नसतो. काहींचं डोकं वरून पाहिलं तर गोल, काहींचं पुढून मागे लांबट. लांबट डोक्याला गोल हेल्मेट घातलं की कपाळ ठणकतं आणि कानांशी जागा राहते. गोल डोक्याला लांबट घातलं की कानशिलं दाबली जातात. अशा वेळी एक नंबर मोठं घेणं हा उपाय नाही. दुसरं मॉडेल, दुसरी कंपनी बघायची. एकाच गिऱ्हाइकाला आम्ही सहा-सात हेल्मेटं घालून दाखवतो ती याचसाठी.

घालताना दोन्ही पट्टे बाहेर ताणून धरा आणि डोकं आत घाला. नवं हेल्मेट थोडं जोर लावूनच जायला हवं. गाल वर ढकलले जातात, बोलताना गालाची आतली बाजू दाताखाली येते. हे बरोबर आहे. गालाच्या गाद्या वापराने सैल पडतात. दुकानात पहिल्याच दिवशी "मस्त आरामशीर" वाटणारं हेल्मेट दिवाळीपर्यंत डोक्यात हलायला लागतं.

आता डोकं स्थिर ठेवा आणि हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, म्हणजे ते मोठं आहे.

मग पट्टा लावा. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैल. मागून खालची कड धरून आम्ही हेल्मेट वर आणि पुढे ढकलतो, ते निघता कामा नये. एकदा एक वहिनी नवऱ्याचं जुनं हेल्मेट घेऊन आल्या, फक्त काच बदलून हवी होती. आम्ही ते त्यांना घालायला सांगितलं, पट्टा नीट लावलेला होता. आम्ही मागून हलकं ढकललं, तर अख्खं हेल्मेट पुढे येऊन आमच्या हातात आलं. त्याही आणि आम्हीही थोडा वेळ बोललो नाही. दोन वर्षं त्या तेच घालून ठाण्याहून रोज मागे बसून येत होत्या.

शेवटी ते तसंच घालून दुकानात पंधरा मिनिटं बसा. फोन बघा, चहा घ्या. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वण उठला किंवा तिथे दुखत असेल, तर ते हेल्मेट तुमचं नाही. तासाभराच्या प्रवासात तीच जागा डोकेदुखी होते, आणि मग माणूस हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवतो.

चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून पाहा. आत रुमाल किंवा कापडी टोपी घालायची सवय असेल, तर ती घालूनच माप घ्या. अंबाडा, मोठी क्लिप, गजरा यांवर हेल्मेट बसत नाही, वर तरंगतं. केस खाली मानेवर वेणीत घेतलेले बरे.

कुठल्या प्रकारचं

आमचं मत स्पष्ट आहे : फुल फेस, म्हणजे हनुवटीसकट सगळं तोंड झाकणारं. तोंडावर पडणं ही पडण्याची अगदी नेहमीची तऱ्हा आहे, आणि हाफ फेसमध्ये हनुवटी, जबडा, दात उघडे राहतात. गुदमरतं म्हणणाऱ्यांनी मॉड्युलर, म्हणजे पुढचा भाग वर उचलता येणारं घालून पाहावं. मात्र ते थोडं जड असतं आणि चालवताना पुढचा भाग बंदच हवा.

हवेच्या भोकांवर फार पैसे घालवू नका. ती वेगात कामाला येतात. सायनच्या सिग्नलला उभं असताना आत हवा येत नाही. आपल्या दमट हवेत त्यापेक्षा उपयोगी काय, तर आतलं अस्तर काढून धुता येणं. हे आहे का, ते आधी विचारा. काच पारदर्शक घ्या. काळी काच दिवसा छान वाटते, पण संध्याकाळी पावसात तिच्यातून खड्डा दिसत नाही.

बकल कुठलंही चालेल, रोज लावलं जाईल असं हवं. दोन कड्यांचं डी-रिंग सर्वांत भरवशाचं. पण दिवसात चाळीस वेळा उतरणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांनी दातेरी पट्टीचं घ्यावं, ते हातमोज्यातूनही लागतं. ही मुलं दहा-बारा तास गाडीवर असतात. त्यांना आम्ही आवर्जून सांगतो, चित्राच्या हेल्मेटपेक्षा हलकं घ्या. संध्याकाळी मान सांगते.

पैसे कशाला जातात

साधारण हजार-बाराशेला आयएसआयचं प्रामाणिक फुल फेस मिळतं. दोन-तीन हजारांत अस्तर, काच, बकल चांगलं होतं. चार-पाच हजारांच्या पुढे ईसीईची हेल्मेटं सुरू होतात, आणि परदेशी माल वीस हजारांच्या वर जातो. किंमत दहापट झाली म्हणजे सुरक्षितता दहापट होत नाही. वाढीव पैसे बरेचसे वजन, शांतता, काचेचा दर्जा आणि रंगकामाला जातात. नीट बसणारं पंधराशेचं हेल्मेट ढिल्या आठ हजारांच्या हेल्मेटपेक्षा आम्ही चांगलं मानतो. घरात बजेट पाच हजारांचं असेल, तर एक पाच हजारांचं घेण्याऐवजी अडीच-अडीचची दोन घ्या.

कारण मागे बसणाऱ्याचं डोकंही तेवढंच नाजूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९नुसार पगडी घालणारे शीख सोडता चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, आणि मुंबईत मागे बसणाऱ्यांवर जून २०२२पासून कारवाई होते. मुलांसाठी घेताना शाळेच्या गणवेशासारखं वाढत्या अंगाचं घेऊ नका. आज बसेल तेच घ्या, दोन वर्षांनी बदला. चार वर्षांखालच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३पासून वेगळा नियम आहे : मुलाला मोठ्याशी बांधणारा पट्टा, मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

घरी नेल्यावर

आरशावर अडकवू नका, आरशाची कड आतल्या थर्माकोलला खड्डा पाडते. पेट्रोल, थिनर, रॉकेलने पुसू नका, त्यात थर्माकोल विरघळतो. साधं पाणी आणि लहान मुलांचा शाम्पू पुरे. काचेवरची वाळलेली घाण खरवडू नका, ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मग निघते. पावसात भिजलं तर अस्तर काढून पंख्याखाली वाळवा. बंद डिकीत ठेवलेलं ओलं हेल्मेट दोन दिवसांत कुबट वास मारतं.

रिकामं हेल्मेट सीटवरून खाली पडलं तर घाबरू नका, आत डोकं नसताना थर्माकोल सहसा चिरडत नाही. घेऊन या, आम्ही अस्तर काढून तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. डोक्यावर असताना आपटलं असेल, तर वरून एकही ओरखडा नसला तरी बदला. रोजच्या वापराचं हेल्मेट तीन ते पाच वर्षांत बदलावं. आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना-साल असतो, घेतानाच वाचून घ्या. जुनं हेल्मेट कुणाला देऊ नका. पट्टा कापून मगच टाका, नाहीतर ते पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर चढतं.

येताना चष्मा, रुमाल आणि आत्ता वापरता ते हेल्मेट सोबत आणा. शनिवार-रविवारी संध्याकाळी गर्दी असते. मधल्या वारी सकाळी ११ ते १ या वेळेत आलात तर अर्धा तास तुमच्यासाठी मोकळा ठेवता येतो. घरी नेल्यावर दुखायला लागलं, तर न पडलेलं, स्वच्छ हेल्मेट सात दिवसांत बिलासह आणा, दुसऱ्या मापाचं देऊ.