कंपनी विकली, विहीर राहिली

आमच्या निपाणी-चिकोडी भागात जमीन घेणारा आधी उतारा बघतो आणि लगेच विचारतो, विहिरीत वाटा किती? ईबे या अमेरिकी कंपनीने 2005 साली सुमारे 2.6 अब्ज डॉलर मोजून इंटरनेटवरून कॉल लावून देणारी स्काइप घेतली, तेव्हा नाव मिळालं, ग्राहक मिळाले. विहीर मात्र विकणाऱ्यांच्याच नावावर राहिली.

तिचं नाव 'ग्लोबल इंडेक्स', म्हणजे स्काइपवर कोण कुठे आहे हे शोधून देणारं मूळ सॉफ्टवेअर. स्काइपचे संस्थापक निकलास झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस यांच्या जोल्टिड कंपनीकडे त्याची मालकी होती. स्काइपला होता फक्त वापराचा परवाना.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरातून दुबईतल्या मुलाला कॉल लावला, तर त्याचा संगणक शोधायचा कसा? लॉगिन तेवढं कंपनीच्या सर्व्हरवर व्हायचं; कोण कुठे आहे याची वही मात्र वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर विखुरलेली असे. ज्याचं इंटरनेट जोरात आणि पत्ता बाहेरून थेट दिसणारा, त्याला सॉफ्टवेअर गुपचूप 'सुपरनोड', म्हणजे ही वही सांभाळणारा, करून टाकायचं. घरच्या मोडेममागच्या संगणकाचा पत्ता घरापुरताच चालतो, बाहेरून कोणी थेट आत येऊ शकत नाही. म्हणून दोघेही आधी सुपरनोडशी जोडलेले राहत आणि तो त्यांची गाठ घालून देई. तेही जमलं नाही, तर आवाज कुणा तिसऱ्याच्याच संगणकातून जायचा. सांकेतिक रूपात असल्याने त्याला तो ऐकू येत नसे, पण इंटरनेट खर्ची पडे त्याचं! काही विद्यापीठांनी वैतागून स्काइपवर बंदी घातली. मला तरी त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

ऑगस्ट 2007 मध्ये विंडोजच्या अपडेटनंतर जगभरातले असंख्य संगणक जवळपास एकाच वेळी रीस्टार्ट झाले, सुपरनोड कमी पडले आणि स्काइप सुमारे दोन दिवस आडवी झाली.

भांडण पेटलं 2009 मध्ये. जोल्टिडचं म्हणणं असं, की तयार प्रोग्राम वापरायची मुभा होती, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, जवळ बाळगून त्यात फेरफार करायची नव्हे. स्काइप लंडनच्या कोर्टात गेली, मग जोल्टिडने परवाना रद्द केल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये ईबेने बहुतांश हिस्सा सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीच्या गटाला विकायचं ठरवताच जोल्टिडने कॅलिफोर्नियात कॉपीराइटचा दावा ठोकला. पर्यायी सॉफ्टवेअरचं काम सुरू आहे, पण ते जमेलच असं नाही, हे ईबेने आधीच कागदोपत्री कबूल केलं होतं. ते खरंच होतं. कोट्यवधी घरांतली ही वही बदलायची, आणि तीही जुन्या-नव्या आवृत्त्यांचं बोलणं न तोडता!

नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. संस्थापकांच्या बाजूला 14 टक्के हिस्सा मिळाला, तंत्रज्ञान स्काइपच्या नावावर झालं. सीमाप्रश्नाचा 2004 चा दावा अजून सुप्रीम कोर्टात आहे. यांचं काही महिन्यांत मिटलं, कारण व्यवहार अडला होता.

2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने 8.5 अब्ज डॉलरला स्काइप घेतली आणि पुढच्याच वर्षी सुपरनोडचं काम लोकांच्या संगणकांवरून काढून स्वतःच्या सर्व्हरवर नेलं. मे 2025 मध्ये स्काइपच बंद झाली.