पावती फाटली, पण दंड कोण भरणार?

न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय आहे. तिथे नेमलेल्या परदेशी अधिकाऱ्यांच्या गाड्यांना वेगळ्या नंबर प्लेट असतात. नो पार्किंगमध्ये गाडी लावली की पोलीस त्यांच्याही काचेवर पावती अडकवायचे. मात्र राजनैतिक संरक्षणामुळे तो दंड वसूल करता येत नसे. नोव्हेंबर १९९७ ते २००२ अखेर अशा थकलेल्या पावत्या दीड लाखावर गेल्या, आणि थकबाकी १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे.

रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी त्या पावत्यांचा देशवार हिशेब मांडला. कुवेतच्या एकेका अधिकाऱ्यामागे वर्षाला सरासरी सुमारे अडीचशे पावत्या निघाल्या. नॉर्वे, स्वीडन, जपान, कॅनडा यांच्या नावावर एकही थकलेली पावती नव्हती. पुढे २००२ च्या अखेरीस नियम बदलला. तीनपेक्षा जास्त पावत्या थकल्या की त्या गाडीची राजनैतिक नंबर प्लेट काढून घ्यायची, आणि थकलेल्या रकमेच्या ११० टक्के रक्कम त्या देशाला मिळणाऱ्या अमेरिकी मदतीतून कापायची, असं ठरलं. त्यानंतर पावत्या जवळजवळ ९८ टक्क्यांनी घटल्या. पार्किंगचे नियम आधी होते तेच होते. आता ते मोडण्याची किंमत खरोखर मोजावी लागणार होती, एवढाच फरक.

शिक्षा नसली तरी काही जण कायदा पाळतातच, हे स्वीडन-नॉर्वेच्या आकड्यांवरून दिसतं. मग शिक्षा फक्त उरलेल्यांसाठी असते का? तसं नाही. तिचा सर्वांत मोठा उपयोग नियम पाळणाऱ्यांनाच होतो, आणि तो प्रयोगशाळेत मोजता आला आहे.

अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी झुरिचमध्ये केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. चार जणांचा गट, प्रत्येकाच्या हातात २० नाणी. सामाईक पेटीत एक नाणं टाकलं की चौघांनाही ०.४ नाणं मिळतं, म्हणजे एकाचे १.६ होतात. चौघांनी सगळी नाणी टाकली तर प्रत्येकाला ३२ मिळतात. आता एकाने हात आखडता घेऊन काहीच टाकलं नाही असं समजा. पेटीत ६० नाणी जमतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला २४ येतात. चुकाराकडे स्वतःची २० आणि वाट्याची २४, मिळून ४४; प्रामाणिक तिघांकडे मात्र २४ च.

पहिल्या फेरीत बरेच जण बऱ्यापैकी नाणी टाकतात. पण प्रत्येक फेरीनंतर कोणी किती टाकली ते सगळ्यांना दिसतं. चांगल्या मनाने सुरुवात केलेला माणूस ‘मीच का भरायचं?’ म्हणून आपला वाटा कमी करतो. त्याचं पाहून दुसराही करतो, आणि काही फेऱ्यांत पेटी रोडावते. चुकार एकटाच असतो, पण त्याच्यामुळे नियम पाळणारे एकेक करून गळतात. माझ्या मते कायद्याला शिक्षेची जोड का लागते याचं सर्वांत नेमकं उत्तर हेच आहे.

मग प्रयोगात दंडाची सोय केली. स्वतःचं एक नाणं खर्च केलं की दुसऱ्याची तीन कापली जातात. तिघांनी दोन-दोन नाणी खर्च केली तर चुकाराची १८ जातात आणि त्याच्याकडे २६ उरतात, म्हणजे सगळ्यांबरोबर वाटा टाकून मिळाली असती त्या ३२ पेक्षा कमी. दर फेरीला गट बदलत असल्याने दंड करणाऱ्याला त्याचा पुढे काहीच फायदा नव्हता, तरीही लोकांनी पदरची नाणी घालून दंड केला. पेटीतली नाणी फेरीगणिक वाढत गेली.

दंड किती मोठा हवा? सेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच लिहिलं होतं की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती नक्की होणार या खात्रीचा वचक जास्त असतो. साधा हिशेब करून पाहा. दंड १००० रुपये आणि शंभरात एकदाच पकडले जाण्याची शक्यता असेल, तर दर खेपेची सरासरी किंमत १० रुपये पडते. पार्किंगचे २० रुपये भरण्यापेक्षा नियम मोडणं स्वस्त. दंड २०० रुपये ठेवून पाचात एकदा पकडलं तर तीच किंमत ४० रुपये होते.

दंड फसतो तेही पाहायला हवं. इस्राएलमधल्या हैफा शहरात मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांनी १० मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड लावला. महिन्याची फी १४०० शेकेल होती. उशिरा येणारे पालक कमी न होता जवळजवळ दुप्पट झाले. आधी शिक्षिका ताटकळतात याची लाज वाटत असे. आता उशीर म्हणजे स्वस्तात विकत घेतलेली सेवा झाली. बारा आठवड्यांनी दंड रद्द केला, तरी उशीर कमी झाला नाही. एकदा गेलेली भीड परत आली नाही.

म्हणून पैसे मोजून सुटता येणार नाही अशी शिक्षाही सोबत लागते. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने हेल्मेट नसल्यास १००० रुपये दंडाबरोबरच तीन महिने परवाना अपात्र करण्याची तरतूद केली ती याच जातीची. ती तरतूद रस्त्यावर किती वेळा वापरली जाते, यावर तिचा वचक ठरतो.

नियम मोडणाऱ्याला पकडायलाही खर्च येतो, आणि तो कोण सोसणार हे आधी ठरवावं लागतं. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाने १५१७ मध्ये नियम केला की हिवाळ्यात जितक्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणात सोडायच्या. हा नियम तपासायला सोपा होता, कारण हिवाळ्यात कोणाच्या गोठ्यात किती गायी आहेत हे साऱ्या गावाला माहीत असे. जास्त गायी सोडणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार गावच्या एका कारभाऱ्याकडे होता, आणि वसूल झालेल्या दंडातला अर्धा वाटा त्याला स्वतःकडे ठेवता येत असे.